सुट्टी घरातल्या सगळ्यांची

१८८० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्या सूर्य उगवला की सुरू होत आणि मावळला की थांबत. आठवड्याचा ठरलेला सुट्टीचा वार मोठ्या माणसांना नव्हता. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचं काम नऊ तासांवर आणलं आणि त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. त्यांच्या आईबापांबद्दल मात्र त्या कायद्यात काही नव्हतं. म्हणजे एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबात पोराला सुट्टी असे तेव्हा आई गिरणीत आणि बाप गिरणीत.

महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार कामगारांनी पाठिंबा दिलेल्या निवेदनात मागण्या साध्या होत्या: दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारच का, याचं लोखंड्यांचं उत्तर इथल्या मातीतलं होतं. रविवार हा खंडोबाचा वार. सहा दिवस पोटासाठी राबणाऱ्या माणसाला एक दिवस देवासाठी, घरासाठी, समाजासाठी मिळालाच पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. २४ एप्रिल १८९० च्या मुंबईतल्या मोठ्या सभेला सुमारे दहा हजार कामगार आले. दोन कामगार स्त्रियांनीही तिथे भाषणं केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

दिवस मिळाला. त्या दिवसाचं काय करायचं, हे मात्र घराघरावर सोपवलेलं होतं. पुढच्या १३५ वर्षांत मराठी घरांनी त्यातून पुष्कळ काही उभं केलं: रविवारचा बेत, गडावरची चढाई, कोजागरीचं जागरण, दिवाळीचा किल्ला, गणपतीला गावी जाणं. यातल्या काही रीती पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, काही दोन वर्षांत सुटल्या. टिकलेल्या रीतींकडे नीट पाहिलं, तर एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सापडते. तिथे घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी काम असतं, आणि सगळा भार एकाच माणसावर पडत नाही.

ही दुसरी अट अवघड आहे, कारण स्वयंपाकघराला अजून रविवार मिळालेला नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ आणि २०२४ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं. बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्यांत २०१९ साली स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं त्यात घालवत होते. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत दोघांमधलं अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आलं, म्हणजे फक्त एका मिनिटाने कमी झालं. कुटुंबाच्या सुट्टीबद्दल, सणाबद्दल, परंपरेबद्दल जे काही बोलायचं ते या आकड्यांना धरूनच बोलावं लागेल.

रविवारची सकाळ

कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग लागते. त्या रांगेत बापाच्या हाताला धरून आलेली पोरं असतात. कुठला तुकडा मागायचा, रश्श्याला काय लागतं, हे ज्ञान त्या रांगेतच पुढच्या पिढीकडे जातं. तांबडा-पांढरा रस्सा दुपारी ताटात येतो, पण रविवार सुरू झालेला असतो तो सकाळच्या या रांगेत. शाकाहारी घरांत तीच जागा मसालेभाताने, पुरी-भाजीने किंवा सकाळच्या पोह्यांनी घेतलेली असते. पुण्यात पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढणारे, वर पोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन दुपारच्या आत घरी परतणारे अनेक जण आहेत. त्यांतल्या कित्येकांना पहिल्यांदा वडिलांनी किंवा काकांनी नेलेलं असतं.

एके काळी रविवारच्या सकाळीने अख्ख्या देशाला एका खोलीत बसवलं होतं. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं, आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून १९९० च्या जूनपर्यंत ‘महाभारत’. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्याकडे चाळ जमायची. मुलांची न्हाणी लवकर उरकायची, चहा आधीच व्हायचा. आज पन्नाशीत असलेल्या लोकांना मालिकेतले प्रसंग जेवढे आठवतात, तेवढीच कोण कुठे बसायचं तीही जागा आठवते.

कौटुंबिक रीतींचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी नेमकं हेच हेरलं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा फीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ५० वर्षांतल्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांनी घरातल्या ठरलेल्या गोष्टींचे दोन प्रकार वेगळे केले. एक दिनक्रम: ठरल्या वेळी जेवण, झोप, साफसफाई. तो घराला काय करायचं ते सांगतो, आणि संपला की विसरला जातो. दुसरी रीत: तीच गोष्ट, पण तिच्यातून आपण कोण आहोत हे घरातल्यांना कळतं, आणि ती चुकली तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. रविवारचे पोहे सहा महिने नुसते पोहे असतात. मग एका रविवारी ते होत नाहीत आणि धाकटी विचारते, ‘आज पोहे का नाहीत?’ त्या प्रश्नापासून ती त्या घराची रीत झालेली असते. फीज यांच्या आढाव्यात अशा दिनक्रमांचा आणि रीतींचा संबंध मुलांच्या जुळवून घेण्याच्या क्षमतेशी, आईवडिलांच्या आत्मविश्वासाशी आणि पतिपत्नींच्या समाधानाशी दिसून आला.

यात खर्चाचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. मॉलमध्ये गेलेला रविवार आणि गच्चीत पत्ते कुटलेला रविवार यांत दुसऱ्याची रीत होणं अधिक सोपं, कारण तो पुढच्या आठवड्यात तसाच पुन्हा करता येतो.

वार वेगळा, सुट्टी तीच

रविवार सगळ्यांचा नाही, हेही इथल्या भूमीला जुनं ठाऊक आहे. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शतकानुशतकं राहिलेले बेने इस्राएल ज्यू तेल गाळण्याचा व्यवसाय करत. शनिवारी ते घाणा चालवत नसत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. बाहेरच्या ज्यू जगाशी संबंध तुटलेल्या या समाजाच्या बऱ्याच धार्मिक गोष्टी विस्मरणात गेल्या, पण सुंता, आहाराचे काही नियम, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि शनिवारची विश्रांती त्यांनी सोडली नाही. एका समाजाची ओळख टिकवणाऱ्या मोजक्या धाग्यांमध्ये आठवड्याची सुट्टी होती, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे. घाणा बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. तरी त्यांनी तो बंद ठेवला, आणि शेजारच्या गावाने त्यांना त्याच नावाने ओळखलं.

अलिबागच्या इस्राएल आळीत सिनेगॉग आजही उभं आहे. इस्राएलला गेलेल्या मराठी ज्यू कुटुंबांत मलिद्याचा विधी होतो. पोहे, खोबरं, साखर आणि फळं यांचं ताट मांडून एलियाहू हनाबी म्हणजे प्रेषित एलिया यांचं स्मरण केलं जातं. कोकणातले पोहे तिथपर्यंत पोचले ते या घरगुती रीतीच्या बळावर.

मालेगावातले यंत्रमाग शुक्रवारी थांबतात. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची सुट्टी रुळलेली आहे. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. दुसरीकडे २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवायला परवानगी दिली. प्रत्येक कामगाराला सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी द्यायचीच आहे, पण ती सगळ्यांना एकाच दिवशी मिळेल असं नाही. परिचारिका, पोलीस, एसटीचे वाहक, हॉटेलातले वाढपी यांच्या घरात ‘शनिवार-रविवार’ नावाची गोष्ट नसते. बापाची सुट्टी मंगळवारी, आईची रविवारी, मुलाची शाळेची सुट्टी रविवारी, पण त्यातही सकाळी क्लासची चाचणी.

अशा घरांनी काय करायचं? दिवसाऐवजी एक वेळ राखायची. आठवड्यातली जी एक संध्याकाळ किंवा जो एक नाश्ता सगळ्यांना जमतो, तो पक्का करायचा. मंगळवारचं रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. शिफ्ट बदलली की वार बदलेल, पण तो आठवड्यातून एकदा येईलच, ही खात्री मुलांना मिळाली की काम झालं. तेल्यांनी शनिवार धरला, यंत्रमागवाल्यांनी शुक्रवार धरला; घरानेही आपला वार धरावा.

चिखलातला राजगड

मराठी घरात मुलांच्या हाती पूर्णपणे सोपवलेली सणाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे दिवाळीचा किल्ला. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की दप्तर कोपऱ्यात पडतं आणि विटांचा शोध सुरू होतो. बिल्डिंगच्या मागे, बांधकामाच्या कडेला, कुणाच्या तरी अंगणात. दगड-विटा रचून उंचवटा करायचा, त्यावर भिजवलेलं गोणपाट पसरायचं आणि चिखलाचा पहिला हात द्यायचा. पहिला थर वाळताना भेगा पडतात. त्यात पातळ चिखल भरून दुसरा हात. बुरुजासाठी पत्र्याचा डबा, पायऱ्यांसाठी कंपासपेटीतली पट्टी, तळ्यासाठी पुरलेली वाटी. अळीव किंवा मोहरी पाच-सहा दिवस आधी पेरावी लागते, नाहीतर लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगर बोडकाच राहतो. पाणी तांब्याने ओतलं तर बी वाहून जातं, म्हणून हाताने शिंपडायचं. हे कोणत्याही पुस्तकात नसतं. ते वरच्या मजल्यावरचा आठवीतला दादा तिसरीतल्या पोराला सांगतो.

मग कुंभारवाड्यातून मावळे येतात. महाराज सगळ्यांत वर, तोफा बुरुजावर, पायथ्याशी गाव, गुहेत वाघ. वाघ मावळ्याच्या दुप्पट आहे, यावर कुणाचा आक्षेप नसतो.

आता बाजारात तयार किल्ले मिळतात. रंगवलेला किल्ला घरी आणून ठेवला की पाच मिनिटांत काम होतं. पण मुलाचं त्यात काय उरतं? मातीचा किल्ला आठवडाभर मुलांना एकत्र ठेवतो, भांडायला लावतो, पुन्हा जुळवून घ्यायला लावतो, आणि शेजारपाजारच्यांना तो दाखवताना मुलाच्या बोलण्यात ‘आम्ही’ हा शब्द येतो.

यंदा या खेळाला आणखी एक निमित्त जोडता येईल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे ११ महाराष्ट्रातले, तर जिंजी तमिळनाडूतला. कुटुंबाने दरवर्षी यातला एक निवडावा. दिवाळीआधीच्या एका सुट्टीला तो पाहून यावं आणि मग तोच मातीत उभा करावा. लोहगड सुरुवातीला सोयीचा. मळवली स्थानकावरून वाट आहे, वर जायला पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी दरवाज्यांची माळ चढत जाताना मुलं आपोआप मोजू लागतात. वर गेल्यावर विंचूकाट्याची लांबलचक सोंड दिसते. ती चिखलात काढणं फारसं कठीण नाही. बारा वर्षांत बारा किल्ले होतात. तिसरीतलं मूल तोवर महाविद्यालयात गेलेलं असतं.

विदर्भात मुलांचा असाच एक हक्काचा दिवस आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी बापाने खरे बैल सजवलेले असतात, आज पोरं लाकडी बैल सजवतात, त्यांना ओढत घरोघर नेतात आणि बोजारा म्हणजे भेट गोळा करतात. शेतीत बैलाचं स्थान काय, त्याला वर्षातून एक दिवस का जुंपत नाहीत, आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे का मळायचे, हे सगळं मुलांपर्यंत खेळातून पोचतं. ज्या घरात आता ट्रॅक्टर आहे, तिथेही लाकडी बैल माळ्यावरून खाली उतरतो.

फराळाचा हिशेब

किल्ला मुलांचा, तर फराळ कुणाचा? बहुतेक घरांत उत्तर एकच. चकलीच्या भाजणीसाठी तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे, जिरं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. ते गिरणीतून दळून आणायचं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात हसते, कमी झालं तर दातांना जड जाते. करंज्यांचं सारण, लाडवांचा पाक, चिवड्याच्या पोह्यांना ऊन देणं. नोकरी करणारी बाई हे सगळं रात्री दहानंतर करते, आणि पहाटे अभ्यंगस्नानासाठी सगळ्यांच्या आधी उठून पाणी तापवते, उटणं भिजवते, औक्षणाचं ताट करते. घर म्हणतं, आमच्याकडे सगळं परंपरेनं होतं. त्या वाक्यात करणाऱ्या बाईचा उल्लेखच नसतो.

विकतचा फराळ हे यावरचं एक चांगलं उत्तर आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. राज्यभर बचत गटांतल्या स्त्रिया दिवाळीत फराळ करून विकतात. एका घरातल्या बाईचा भार हलका होतो आणि दुसरीच्या हातात पैसे पडतात. पण सगळंच विकत आणलं, तर घरात एकत्र बसण्याचं एक कारण कमी होतं. म्हणून मधला रस्ता धरावा: चार पदार्थ आणावेत, एक घरी करावा, आणि त्या एका पदार्थाला घरातला प्रत्येक हात लागावा.

करंजी यासाठी उत्तम. एकाने पीठ कुटावं, एकाने पाऱ्या लाटाव्यात, एकाने सारण भरावं, लहानांनी कातण्याने कडा कापाव्यात, ज्याला तेलापाशी उभं राहण्याचा अनुभव आहे त्याने तळावं. शंकरपाळे कापायला सहा वर्षांचं पोरही पुरतं. ते वेडेवाकडे झाले तरी चव तीच राहते. आजीने खुर्चीत बसून पारी जाड झाली की पातळ ते सांगावं आणि मध्येच आपल्या माहेरच्या दिवाळीची गोष्ट काढावी. भांडी घासण्याचं कामही याच वाटणीत हवं. ते वगळलं, तर बाकीची वाटणी खोटी ठरते.

हीच करंजी गोव्यात नाताळला ‘नेवरी’ होऊन येते. ख्रिस्ती घरांत दोदोल, बेबिंका, नेवऱ्यो यांचा कुस्वार बनतो आणि ताटं झाकून शेजाऱ्यांकडे जातात. हिंदू शेजाऱ्यांकडून चवथीला आणि दिवाळीला ताट आलेलं असतं, त्याची ही परतफेड. ताट पोचवायचं काम मुलांचं. कुठल्या घरात कोण राहतं, कुणाकडे आजारपण आहे, कुणाकडे बाळ झालं आहे, हे त्या मुलांना गल्लीतल्या मोठ्यांइतकंच माहीत असतं.

पाळी आणि माटोळी

काम वाटून घेण्याची जुनी व्यवस्था पाहायची तर गणपतीत कोकणात जावं. मुंबई-ठाण्याचा चाकरमानी वर्षभराच्या रजा राखून ठेवतो. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी घरातले तीन जण तीन मोबाइल घेऊन बसतात. १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर गाडी धावली, त्याआधी हाच प्रवास रात्रभर एसटीने किंवा त्याही पूर्वी बोटीने व्हायचा. माणसं तेव्हाही जात होती.

गावी घर एक, गणपती एक, भाऊबंद अनेक. म्हणून कित्येक घरांत पाळी असते. यंदा थोरल्याच्या कुटुंबाकडे खर्च आणि व्यवस्था, पुढच्या वर्षी मधल्याकडे, त्यानंतर धाकट्याकडे. ज्याची पाळी नाही त्यालाही काम असतंच: आरास, भजनाला आलेल्या मंडळींचं चहापाणी, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासाठी पाटा-वरवंटा किंवा आता मिक्सर. भांडणं होतात, मानपान होतात, पण पाळी लिहिलेली असते आणि तिला कुणी हात लावत नाही.

गोव्यात मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगतात, ती माटोळी. तिला नारळ, सुपारीचे घड, तवशी, चिबूड, आंबाडे आणि रानातली कितीतरी फळं-फुलं बांधतात. त्यांतली अनेक बाजारात मिळत नाहीत. काका-मामांबरोबर डोंगरात जावं लागतं. कुठलं झाड कुठे, कुठलं फळ विषारी, कुठली वेल काट्यांची, हे शिकवणारा दुसरा वर्ग नाही. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं, आणि त्यात शेकडो वनस्पतींची नावं पुन्हा लोकांच्या तोंडी येतात.

दूर गेलेली घरं

परदेशात दिवाळी मंगळवारी आली तर मंगळवारी कामावर जावं लागतं. म्हणून तिथली मराठी मंडळं ती जवळच्या शनिवारी साजरी करतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. अमेरिकेतल्या मराठी शाळा बहुधा शनिवारी-रविवारी भरतात, आणि आईवडीलच शिक्षक असतात. तिथं सणाचा स्वयंपाक एकीवर पडत नाही. प्रत्येक कुटुंब एकेक पदार्थ करून आणतं. ही पद्धत इथल्या मोठ्या कुटुंबांनी उचलावी अशी आहे. अलीकडे कायदेही बदलत आहेत. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा कायदा २०२३ मध्ये झाला, कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये दिवाळीला राज्याच्या सुट्ट्यांमध्ये स्थान दिलं. एक दिवस मिळवण्यासाठी तिथल्या लोकांनीही अर्ज-विनंत्या आणि सभा केल्या.

गोष्टी सांगायची वेळ

अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठाच्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी २० प्रश्नांची एक यादी केली. आजी-आजोबा कुठे वाढले, आईवडील कसे भेटले, घरात कुणावर मोठं आजारपण किंवा संकट आलं होतं, तुझ्या जन्माच्या वेळी काय घडलं, असे प्रश्न. ज्या मुलांना अधिक उत्तरं माहीत होती, त्यांचा आत्मसन्मान अधिक आणि घरातलं वातावरण अधिक चांगलं असल्याचं दिसलं. हे ज्ञान पाठ करून घेऊन उपयोग नाही, असंही त्यांनी बजावलं. खरं महत्त्व आहे ते या गोष्टी जिथं सांगितल्या जातात त्या वेळांना: एकत्र जेवण, प्रवास, सण.

मराठी घरांत अशा वेळा तयारच आहेत. कोजागरीला मसाला दूध आटत असताना थोरल्या अपत्याला ओवाळतात. त्याच वेळी त्याच्या जन्माची गोष्ट निघाली पाहिजे. चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलतात. भंडारा, खोबरं, पानसुपारी ठेवलेलं एक ताम्हन काही जण मिळून धरतात आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत वर नेतात. पूर्वी हे पुरुषांचं काम होतं. ज्या घरांनी सुना-मुलींचे हात त्या ताम्हनाला लावले, त्यांची तळी काही जड झाली नाही.

वाईट काळात या रीतींची किंमत आणखी वाढते. मानसोपचारतज्ज्ञ स्टीव्हन वोलिन आणि मानववंशशास्त्रज्ञ लिंडा बेनेट यांनी सहकाऱ्यांसह आईवडिलांपैकी कुणी दारूच्या आहारी गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध केला. ज्या घरांनी जेवणाची वेळ, सण आणि सुट्ट्या दारूपासून वाचवून ठेवल्या, तिथे व्यसन पुढच्या पिढीत उतरण्याचं प्रमाण कमी दिसलं. आजारपण, नोकरी जाणं, घरातल्या माणसाचा मृत्यू, यांतही हेच लागू पडतं. सण साधा करावा, दोन पणत्या लावाव्यात, पण मुलांच्या डोळ्यांदेखत तो पूर्ण बंद करू नये.

एका कागदावर मावेल एवढं

नवी रीत सुरू करायला मुहूर्त लागत नाही. पहिल्या महिन्यात एकच गोष्ट घ्यावी. ती तासा-दीड तासात होणारी, पाऊस असो वा परीक्षा, दर आठवड्याला जमणारी असावी. सिंहगड दर रविवारी जमणार नाही, गच्चीतला नाश्ता जमेल. मुलं तेरा-चौदा वर्षांची झाली की रीत बदलण्याचा अधिकार त्यांना द्यावा. नाहीतर ती येतील पण मनाने नसतील. सासरची आणि माहेरची, दोन्हीकडची एकेक गोष्ट घरात असावी. नोकरीमुळे सून पुण्यात आणि सासू लातुरात असेल, तर शनिवारचा फोन ठरल्या वेळी व्हावा आणि त्यात मुलाने आजीला एक प्रश्न विचारावा.

सणांसाठी वेगळी यादी करावी. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी सगळी कामं कागदावर लिहावीत: जाळीजळमटं, पडदे, किराणा, भाजणी, आकाशकंदील, रांगोळी, पहाटेचं पाणी, पाहुण्यांचा चहा, नंतरची भांडी. प्रत्येक कामासमोर एक नाव. एकच नाव तीनपेक्षा जास्त वेळा आलं, तर यादी पुन्हा करावी. काही काम कुणालाच नको असेल, तर ते यंदा होणार नाही, हेही मोकळेपणी ठरवावं. एखादा पदार्थ न झाल्याने दिवाळी अडत नाही.

हा लेख हातात आहे तोवर घरातल्यांना एकत्र बसवा. कागद घ्या, कामं लिहा, नावं लिहा. आणि येत्या रविवारी, किंवा तुमच्या घराचा जो वार असेल त्या वारी, ज्या बाईने आजवर सगळ्यांचा नाश्ता केला तिला सकाळी दहापर्यंत स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.